ढब्बूच्या गालावरचे पांढरे ठिपके

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षांचा ओरांडा गोल्डफिश, नाव ढब्बू. मागच्या रविवारी त्याच्या दोन्ही गालांवर आणि पुढच्या परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. खाणं-पिणं नीट होतं, उलट टाकीतल्या दुसऱ्या गोल्डफिशच्या मागे दिवसभर पळत होता. व्हाइट स्पॉट, म्हणजे परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, असणार म्हणून त्याच दिवशी सगळं पाणी बदललं, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत धुतला आणि निळं औषध घातलं. दोन दिवसांत फरक नाही म्हणून मीठ. चौथ्या दिवशी अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून पाण्यात. आता पाणी दुधाळ झालंय, ढब्बू पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करतोय, शेपटीत लाल रेषा आल्यात आणि ठिपके मात्र जसेच्या तसे आहेत. मुलगी रडतेय. आता कुठलं औषध द्यावं?

आज तरी कुठलंच नाही. आधी हातातलं काम करा, कारणं मग वाचा.

टाकीतलं साधारण चाळीस टक्के पाणी काढा आणि तेवढंच ताजं पाणी घाला. ताज्या पाण्यातलं क्लोरीन आधी मारून घ्या आणि त्याचं तापमान टाकीइतकंच आहे ना, हे थर्मामीटरने बघा. हात घालून येणारा अंदाज दोन-तीन अंशांनी सहज चुकतो. बारा तासांनी पुन्हा एवढंच पाणी बदला. एअर पंप पूर्ण जोराने चालवा, दुसरा असेल तर तोही लावा. फिल्टरमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन टाका, म्हणजे उरलेलं औषध तो ओढून घेईल. दिवा बंद. खाणं बंद. दोन-तीन दिवस न खाल्ल्याने धडधाकट गोल्डफिशला काहीही होत नाही. घातलेलं मीठ मात्र काढायच्या मागे लागू नका. मीठ वाफेने उडत नाही, पाणी बदलाल तसतसं ते आपोआप पातळ होत जाईल. पुढचे काही दिवस लिटरला एक ग्रॅमच्या आसपास राहिलं तर उलट फायद्याचं आहे. का, ते पुढे सांगतो.

आता ठिपक्यांकडे येऊ. टाकीचा दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च बाजूने, तिरका धरा. ढब्बूच्या पुढच्या पराची सगळ्यात पुढची काडी असते ना, जरा जाड, हाडासारखी, तिच्यावर ठिपके एका ओळीत बसलेत का बघा, करवतीच्या दात्यांसारखे. मग गाल बघा, म्हणजे कल्ल्यांवरची झाकणं. दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखेच, एकाच आकाराचे, जरा टोकदार दाणे आहेत का? पाठीवर, शेपटीवर, पोटावर एकही नाही? असं असेल, आणि तुमच्या वर्णनावरून तसंच दिसतंय, तर हा रोग नाही. ढब्बू नर आहे आणि वयात आलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. पाणी जरा उबदार व्हायला लागलं की नर गोल्डफिशच्या गालांवर आणि पुढच्या परांवर असे दाणे येतात. मादीच्या मागे पळून तिला ढुशा देताना ते कामाला येतात. हंगाम सरला की जातात, काहींचे वर्षभर थोडेफार राहतात. तो दुसऱ्या माशाच्या मागे पळत होता हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. खरा व्हाइट स्पॉट झालेला मासा कोणाच्या मागे लागत नाही. तो पर अंगाशी आवळून बसतो, दगडांवर अंग घासतो, आणि एव्हाना दुसऱ्या माशावरही ठिपके दिसले असते.

म्हणजे रविवारी ढब्बू ठणठणीत होता. आज तो आजारी आहे, आणि ते आजारपण उपचारांतून आलंय. हे वाचून वाईट वाटेल, पण मनाला लावून घेऊ नका. माझ्या पहिल्या नर गोल्डफिशला मी याच दाण्यांपायी दहा दिवस औषधात बुडवून ठेवलं होतं. तो वाचला ही त्याची पुण्याई.

नेमकं काय बिघडलं ते समजलं तर पुढचा महिनाभर काय करायचं ते आपसूक कळेल. मासा जो अमोनिया टाकतो, तो बराचसा कल्ल्यांतूनच पाण्यात जातो. शी कुजून होणारा वेगळा, उरलेलं खाणं कुजून होणारा आणखी वेगळा. रुळलेल्या टाकीत या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होतं. हे काम करणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते बसलेले असतात फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर. स्पंज पिळल्यावर निघणारा तो तपकिरी गाळ आपल्याला घाण वाटतो, पण टाकीचं निम्मं आरोग्य त्यातच असतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं असतं, ते चांगले-वाईट बघत नाही. स्पंज नळाखाली धुतला तेव्हा बरेच गेले. उरलेल्यांवर निळं औषध पडलं. निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू, आणि ते या जिवाणूंना मानवत नाही. त्यातूनही तगले असतील त्यांच्यावर अँटिबायोटिक. कॅप्सूलमधली पावडर आणि मेलेला गाळ यांच्यावर दुसरेच जिवाणू पोसले गेले, पाणी दुधाळ दिसतंय ते त्यांच्यामुळे. ते भराभर वाढतात आणि पाण्यातला ऑक्सिजन खातात. त्यात अमोनियाने कल्ले भाजलेले. ढब्बू वर येऊन तोंड मारतोय ते भुकेने नव्हे, त्याला श्वास पुरत नाहीये. शेपटीतल्या लाल रेषाही त्याच त्रासाच्या.

अमोनिया मोजायचं किट आणा. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट बरं. सोबत नायट्राइट आणि पीएच, म्हणजे पाण्याचा आंबटपणा सांगणारा आकडा; तो जितका कमी तितकं पाणी आंबट. आकडा वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा: किट दाखवतं तो एकूण अमोनिया, आणि त्यातला विषारी भाग किती हे पीएच आणि तापमान ठरवतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, बाकीचा बऱ्यापैकी निरुपद्रवी अमोनियम. पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांवर जातो. किटवर लिटरला १ मिलिग्रॅम दिसलं तर पीएच ७ च्या टाकीत मासा तग धरतो. पीएच ८ च्या टाकीत तेवढ्याच आकड्याने विषारी अमोनिया ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत पोचतो, आणि तिथे कल्ल्यांना इजा व्हायला लागते. एका घरी मासे मरतात आणि शेजारच्या घरी तेवढ्याच घाणेरड्या पाण्यात जगतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

याच्यातच एक जुना सापळा आहे. महिनोन्महिने पाणी न बदललेल्या, नुसती वरून भर घातलेल्या टाकीचा पीएच हळूहळू खाली येतो. त्या आंबट पाण्यात अमोनियम साठत राहतं, मासे सवयीने जगत राहतात. मग एक दिवस माणूस हौसेने निम्मं पाणी बदलतो, पीएच एकदम चढतो, साठलेल्या अमोनियमचा अमोनिया होतो आणि संध्याकाळपर्यंत मासे आडवे. लोक म्हणतात, ताजं पाणी बाधलं. तुमचं पाणी पाच दिवसांपूर्वीच पूर्ण बदललेलं आहे, त्यामुळे चाळीस टक्के बिनधास्त बदला. पण वाचणाऱ्या कोणाची टाकी तशी जुनी असेल तर दहा-पंधरा टक्क्यांनी, रोज, सावकाश.

मिठाचं राहिलं होतं. काही दिवसांत अमोनिया उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद काढून घेतं. कल्ले तपकिरी दिसायला लागतात, पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. मिठातलं क्लोराइड त्याच दारातून आत जातं. ते पाण्यात भरपूर असलं की नायट्राइटला आत शिरायला वाव राहत नाही. त्यासाठी लिटरला एक ग्रॅम मीठ पुरे. नायट्राइट चढलेलं असेपर्यंत जेवढं पाणी बदलाल तेवढ्यापुरतंच मीठ नव्याने घाला, पूर्ण टाकीचं नको. टाकीत जिवंत झाडं असतील तर ती थोडी कुरकुरतील.

अमोनिया किंवा नायट्राइट लिटरला पाव मिलिग्रॅमच्या वर दिसेल तोवर रोज तीस ते पन्नास टक्के पाणी बदलत राहा. जिवाणू पुन्हा रुळायला चार ते सहा आठवडे लागतात. हे कंटाळवाणं काम आहे आणि त्याला आडवाट नाही. ओळखीच्या कोणाच्या निरोगी टाकीतला वापरता स्पंज मिळाला तर मुदत बरीच कमी होते, पण त्या टाकीत गेल्या महिन्याभरात नवा मासा आलेला नसावा. स्पंज इथून पुढे टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, बस. आणि दहा-बारा दिवसांनी ढब्बूच्या अंगावर, परांच्या कडांना काळे डाग दिसले तर नवं औषध आणायला धावू नका. भाजलेली कातडी भरून येताना गोल्डफिशला असे काळे डाग पडतात आणि काही आठवड्यांत विरतात.

खरा व्हाइट स्पॉट कधी ना कधी भेटेलच, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर. या परजीवीचं नाव इक्थिऑफ्थिरिअस, पाळणाऱ्यांच्या तोंडी नुसतं इक. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या कातडीत शिरून बसलेला, खाऊन फुगलेला परजीवी. तिथे त्याला कुठलंही औषध पोचत नाही. पोट भरलं की तो गळून तळाशी जातो, खड्याला चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आतल्या आत विभागत शेकड्यांनी, कधी हजारापर्यंत पिल्लं तयार करतो. ही पिल्लं कवच फोडून पोहायला लागतात आणि त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध मारतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. २५ अंशांच्या आसपास हा फेरा आठवड्याच्या आत पूर्ण होतो, १० अंशांच्या पाण्यात महिन्याहून जास्त लागतो. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणारा माणूस आठवड्याने दुप्पट ठिपके बघतो. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही निदान आठवडाभर उपचार चालू हवेत, आणि रोज नळीने तळ ओढून काढायचा, कवचं तिथेच असतात.

गोल्डफिशला मी पहिल्यांदा मीठच वापरतो, लिटरला दोन ते तीन ग्रॅम, दीड दिवसात तीन हप्त्यांत, आधी वेगळ्या पाण्यात विरघळवून. टाकीत गोगलगायी, झिंगे, कोरीडोरस किंवा लोच जातीचे मासे असतील तर त्यांना आधी दुसरीकडे हलवा. पाणी गरम केलं की परजीवीचा फेरा वेगाने फिरतो आणि औषधाच्या तावडीत लवकर सापडतो हे खरं. पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: २० अंशांना लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. गरम पाण्यातल्या माशाला तर तो जास्तच लागतो. उष्ण पाण्याच्या माशांना ३० अंश चालतात. गोल्डफिशला मी २६-२७ च्या वर नेत नाही, आणि तेही दिवसाला एक-दोन अंश चढवत, हवा पूर्ण सोडून.

औषध घालायचंच ठरलं तर पाणी मोजा. टाकीवर लिहिलेले लिटर हे पाणी नव्हे. मी हा धडा चार क्लाऊन लोच घालवून शिकलो. टाकी बाहेरून ९० बाय ३५ बाय ४० सेंटिमीटर, हिशेब १२६ लिटरचा. आतून मोजली तर ८८ बाय ३३, पाण्याची उंची ३२, म्हणजे ९३ लिटर. त्यात खडे आणि लाकडं वजा केल्यावर ८३-८४. मॅलाकाइट ग्रीन, म्हणजे व्हाइट स्पॉटवरचं एक औषध, पडलं दीडपट, आणि लोचसारख्या बारीक खवल्यांच्या माशांना तर ते निम्म्या मात्रेत द्यायचं असतं. रात्री दोन वाजता पाणी बदलत बसलो होतो, काही उपयोग झाला नाही. हे औषध आणि फॉर्मलिन, तेही परजीवींवरचंच, हाताळताना हातमोजे घाला. मोजे एरवीही बरेच, बोटाला कापलेलं असेल तर टाकीतल्या एका मायकोबॅक्टेरियाने माणसाच्या कातडीवर महिनोन्महिने न भरणाऱ्या गाठी होतात.

कॅप्सूलबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल. त्याच्या अंगात पाणी कातडीतून आणि कल्ल्यांतून आपोआप शिरत असतं आणि तो ते लघवीवाटे बाहेर टाकत असतो. त्यामुळे पाण्यात फोडलेल्या कॅप्सूलमधलं औषध आत फारसं जातच नाही. टेट्रासायक्लिन असेल तर जड पाण्यातल्या कॅल्शियमला चिकटून वाया जातं. माशांच्या जखमांत नेहमी सापडणारे एरोमोनास जिवाणू ॲमॉक्सिसिलिनला मुळातच दाद देत नाहीत. तेव्हा मिळतं काय, तर मेलेला फिल्टर आणि औषधाला सरावलेले जिवाणू. अँटिबायोटिक लागतं तेव्हा लागतंच, पण ते माशांचं काम करणाऱ्या पशुवैद्याच्या सल्ल्याने, शक्यतो खाण्यातून किंवा सुईने.

एक गल्लत मात्र जिवावर बेतते. तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा पांढरट-करडा थर आला की लोक बुरशी म्हणतात आणि पाणी गरम करतात. खरी बुरशी लांब धाग्यांची, कापसासारखी फुललेली असते आणि बहुधा आधीच्या जखमेवर बसते. थर आखूड, कडेला पिवळसर आणि तासांच्या हिशेबाने पसरणारा असेल तर तो कॉलम्नॅरिस, जिवाणूंचा रोग, आणि गरम पाण्यात तो दुप्पट वेगाने पळतो. तिथे तापमान खाली आणायचं आणि लगेच वैद्य गाठायचा.

पोट वर करून तरंगणाऱ्या गोल गोल्डफिशचं विचारणारे बरेच असतात. दोन-तीन दिवस उपास, मग बुडणारं खाणं भिजवून, थोडं थोडं. पाण्याचे आकडे ठीक असूनही तो आठवडाभर तसाच राहिला तर दोष त्याच्या शरीराच्या घडणीत असू शकतो आणि अशी घडण औषधाने बदलत नाही.

खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिले तर मूत्रपिंड निकामी होत आल्याची ती खूण. बरे होणारे थोडे. मी प्रयत्न करतो, चार-पाच दिवस, त्याहून जास्त नाही. मासा आडवा पडून फक्त कल्ले हलवत असेल तर त्याला यातनांतून कायमचं सोडवणं हे पाळणाऱ्याचंच काम आहे. वैद्य उपलब्ध असेल तर त्याच्याकडून. नसेल तर लवंगतेल कोमट पाण्याच्या छोट्या बाटलीत दुधासारखं होईपर्यंत हलवायचं, माशाच्या भांड्यात थोडं थोडं सोडत जायचं, तो झोपला की आणखी भरपूर, आणि कल्ले थांबल्यावरही अर्धा तास तसंच ठेवायचं. जिवंत मासा फ्रीझरमध्ये किंवा संडासात टाकू नका.

पण ढब्बू तिथून फार लांब आहे. खवले बसलेले आहेत, तो उभा पोहतोय, पाच दिवसांपूर्वी खात होता. सहा वर्षं हे गोल्डफिशचं म्हातारपणही नव्हे. इंग्लंडमधला टिश नावाचा गोल्डफिश ४३ वर्षं जगून १९९९ मध्ये गेला. मुलीला हे सांगा. तिला एक कामही द्या: सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून मिनिटभरात ढब्बूचं कल्ल्याचं झाकण किती वेळा उघडतं ते मोजून वहीत लिहायचं. आकडा दिवसागणिक उतरत गेला तर आपण बरोबर वाटेवर आहोत, आणि ते किटच्या आधी तिच्या वहीत दिसेल.

आज रात्रीपुरतं एवढंच. बारा तासांनी दुसरं पाणी बदलायच्या आधी अमोनिया, नायट्राइट आणि पीएच मोजा आणि तिन्ही आकडे कळवा. सोबत पुढच्या पराचा जवळून काढलेला एक फोटो, टॉर्च तिरका धरून.